चांगल्या चॅनेलची साक्ष

जुना स्टिरिओ रिसीव्हर घरी दुरुस्त करायला घेणाऱ्याला एक सोय आयती मिळते. या यंत्रात जवळजवळ सगळं दोनदा बसवलेलं असतं. डाव्या स्पीकरसाठी एक अ‍ॅम्प्लिफायर आणि उजव्यासाठी हुबेहूब तसाच दुसरा. तेच ट्रान्झिस्टर, त्याच किमतीचे रेझिस्टन्स आणि कंडेन्सर, कित्येकदा पीसीबीवरची मांडणीसुद्धा उजवी-डावी उलटवून तीच. त्यामुळे डावी बाजू मुकी झाली आणि उजवी व्यवस्थित वाजत असली, तर डाव्या बाजूला कुठे किती व्होल्ट असायला हवेत हे सांगणारा साक्षीदार त्याच पेटीत बसलेला असतो. सर्किट डायग्राम हाती नसला तरी तो साक्ष देतो. नवशिके मात्र दुरुस्तीला बसतात ते बहुधा नव्या कंडेन्सरची पुडी सोडूनच. ती पुडी आधी बाजूला ठेवावी आणि चांगल्या चॅनेलला, म्हणजे वाजणाऱ्या बाजूला, विचारावं, एवढंच या प्रकरणाचं सांगणं आहे.

रिसीव्हर म्हणजे रेडिओचा ट्यूनर, प्रीअ‍ॅम्प्लिफायर आणि पॉवर अ‍ॅम्प्लिफायर अशी तीन यंत्रं एकाच पेटीत. आज जे सेट लोक हौसेने सांभाळतात ते मुख्यतः सत्तरच्या दशकातले जपानी बनावटीचे: पायोनियर, सॅन्सुई, केनवुड, यामाहा, आणि नाव अमेरिकन पण तोवर जपानमध्ये तयार होऊ लागलेला मरांट्झ. आपल्याकडे ते आले आखाती देशांतून परतणाऱ्यांच्या सामानातून, अमेरिकेत शिकायला-नोकरीला गेलेल्यांच्या खोक्यांतून आणि नंतर जुन्या बाजारांतून. उचलायला गेलं की पहिल्यांदा वजन जाणवतं. त्या वजनामागे एक कायदा आहे, आणि तो ठाऊक असला की आतली रचनाही कळते.

साठच्या दशकात अमेरिकेत अ‍ॅम्प्लिफायरचे वॅट वाटेल तसे छापले जात. १९७४ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने नियम केला: घरगुती अ‍ॅम्प्लिफायरच्या जाहिरातीत वॅट सांगायचे असतील, तर आधी तो छापलेल्या वॅटच्या एक तृतीयांश ताकदीवर तासभर चालवायचा आणि मग मोजमाप घ्यायचं. एक तृतीयांश हे ऐकायला सौम्य वाटतं. पण या जातीच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आउटपुट ट्रान्झिस्टर सर्वाधिक तापतात ते पूर्ण आवाजावर नव्हे, तर जवळपास याच पातळीवर. म्हणजे नियमाने नेमकी सगळ्यात कठीण परीक्षा घेतली. ती पास व्हायला मोठे हीटसिंक आणि जाड ट्रान्सफॉर्मर लागले. पुढे कंपन्यांमध्ये वॅटची चढाओढच लागली. १९७६ च्या पायोनियर एसएक्स-१२५० मध्ये चॅनेलमागे १६० वॅट होते, १९७८ च्या एसएक्स-१९८० मध्ये २७०, आणि त्या पेटीचं वजन सुमारे ३५ किलो. घरातल्या साध्या आवाजासाठी ही तयारी गरजेपेक्षा फार जास्त होती. म्हणूनच त्यातले ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंक आजही ठणठणीत असतात आणि बिघडतात ते बहुधा रुपया-दोन रुपयांचे लहान भाग किंवा नुसते काळवंडलेले संपर्क. अशी यंत्रं भंगारात जाताना पाहून मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यांतली बरीचशी एका दुपारच्या कामात सुधारण्याजोगी असतात.

सेट भिंतीच्या प्लगला लावण्याआधी मागची पट्टी वाचा. जपानच्या घरगुती बाजारातला सेट १०० व्होल्टचा असतो, अमेरिकेतला १२० चा, आणि आपल्याकडे २३०. निर्यातीच्या अनेक मॉडेलांना मागे व्होल्टेज निवडायचा खटका किंवा फिरवून बसवायचा प्लग असतो. तो कोणत्या आकड्यावर आहे ते पाहिल्याशिवाय वायर लावू नये. खटका नसेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो सेटच्या मागे लिहिलेल्या वॅटपेक्षा चांगला दीडपट ताकदीचा घ्यावा. अमेरिकन सेटच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची. तिथली वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची. केवळ ६० हर्ट्झसाठी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर जास्त तापतो आणि गुणगुणतो. अशा वेळी १२० ऐवजी ११० व्होल्ट दिलेले बरे.

आता झाकण न उघडता करायच्या तपासण्या. यांवर मी मुद्दाम जास्त वेळ घालवणार आहे, कारण निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

‘दोन्हीकडे आवाज नाही’ या तक्रारीचं सगळ्यात सामान्य कारण म्हणजे पुढच्या पट्टीवरचं टेप मॉनिटरचं बटण. ते दाबलेलं असलं की रिसीव्हर निवडलेल्या रेडिओचा किंवा रेकॉर्ड प्लेअरचा आवाज सोडून टेप डेकची वाट पाहत बसतो. डेक जोडलेलाच नसतो, त्यामुळे सगळं शांत. त्यानंतर स्पीकर ए आणि बी चा खटका, आणि काही मॉडेलांत मागच्या बाजूला प्री-आउट आणि मेन-इन यांना जोडणारी यू आकाराची धातूची पिन. ती कुणी काढून ठेवली असेल तर प्रीअ‍ॅम्प्लिफायर आणि पॉवर अ‍ॅम्प्लिफायर यांचा संबंधच तुटतो.

एकच बाजू मुकी असेल तर अदलाबदल सुरू करा. समजा डावा स्पीकर बोलत नाही. सेट बंद करून मागच्या स्पीकरच्या वायरी डाव्या-उजव्या बदला. आता उजवा स्पीकर मुका झाला तर स्पीकर आणि वायरी निर्दोष आहेत, दोष त्यांच्या आधी आहे. डावाच मुका राहिला तर रिसीव्हरला हात लावायचं कारण नाही. पहिला निकाल लागला तर वायरी पूर्ववत करून येणाऱ्या केबलची अदलाबदल करा. मौन दुसऱ्या बाजूला सरकलं तर दोष प्लेअरचा किंवा केबलचा; जागचं हललं नाही तर रिसीव्हरचा. मग मोनोचं बटण दाबा. दोन्ही बाजूंना आवाज आला, तर बिघाड मोनोच्या खटक्याच्या आधी, म्हणजे सिलेक्टर किंवा फोनोच्या टप्प्यात. डावी बाजू तरीही गप्प असेल, तर बिघाड त्यानंतर. टेपच्या रेकॉर्ड-आउट जॅकमधून दुसऱ्या एखाद्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडून पाहिलं की सिलेक्टरपर्यंतचा रस्ता तपासून होतो. हेडफोन लावला आणि त्यात दोन्ही बाजू नीट आल्या, तर संशय स्पीकरच्या खटक्यावर किंवा रिलेवर जातो. प्रत्येक तपासणी उरलेल्या यंत्राचे दोन भाग करते आणि त्यातला एक निकालात काढते. चार-पाच प्रश्नांत शेकडो भागांतून संशय एका पट्ट्यावर येतो, आणि तोही एकही स्क्रू न काढता.

घरघर किंवा खरखर असेल तर व्हॉल्यूमचं बटण साक्षीला घ्या. व्हॉल्यूमबरोबर आवाज कमी-जास्त होत असेल तर उगम बटणाच्या आधी, आणि व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही तसाच राहत असेल तर नंतर. हमचेही दोन प्रकार आहेत. पॉवर सप्लायमधले मोठे कंडेन्सर थकले की १०० हर्ट्झचा हम येतो, कारण ब्रिज रेक्टिफायर ५० हर्ट्झच्या लाटेचे दोन्ही अर्ध वापरतो. तो दोन्ही चॅनेलमध्ये सारखा असतो आणि थोडा करकरीत वाटतो. तुटलेल्या अर्थिंगचा किंवा केबलच्या जाळीचा हम ५० हर्ट्झचा, खोल आणि बहुधा एकाच इनपुटवर येणारा. फक्त रेकॉर्ड प्लेअरवर हम येत असेल तर आधी त्याची अर्थची बारीक वायर मागच्या जीएनडी लिहिलेल्या स्क्रूला लावली आहे का ते पाहा.

एवढं झाल्यावर झाकण उघडायचं, आणि इथे नियम कडक आहेत. सेट बंद असला तरी प्लग भिंतीत असेल तोवर पॉवर स्विच, फ्यूज आणि मागचे अमेरिकन पद्धतीचे सॉकेट यांवर मेन्सची वीज हजर असते. प्लग काढल्यावरही सप्लायचे मोठे कंडेन्सर भरलेले राहतात. ते स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करायची जुनी सवय वाईट. ठिणगीने कंडेन्सरही दुखावतो आणि ट्रॅकही. एक-दोन किलोओहमचा ५ वॅटचा रेझिस्टन्स वायरींना झाळून ठेवावा, टोकांना लावून काही सेकंद धरावा आणि मल्टिमीटरने व्होल्टेज उतरल्याची खात्री करावी. अंगठी, घड्याळ, बांगड्या काढून ठेवाव्यात. चालू सेटमध्ये मोजताना एक हात पेटीबाहेर ठेवावा. घरात दुसरं माणूस असावं. लहान मुलं असतील तर उघडा सेट टेबलावर सोडून उठू नये.

दुसरी तयारी म्हणजे सिरीज लॅम्प. जुना तारेचा ६० किंवा १०० वॅटचा बल्ब फेजच्या वायरीत सिरीजमध्ये घेतलेला एक बोर्ड. एलईडी किंवा सीएफएल इथे उपयोगाचा नाही, कारण तारेचा रेझिस्टन्स गरम झाल्यावर वाढतो, त्याच गुणावर ही युक्ती चालते. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर असेल तर लॅम्प भिंत आणि तो ट्रान्सफॉर्मर यांच्या मध्ये घ्यावा. सेट चालू केल्यावर कंडेन्सर भरताना बल्ब क्षणभर भगभगीत होतो आणि मग मंद लाल होतो, म्हणजे ठीक. भगभगीतच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. पण बल्बने करंट अडवून धरल्यामुळे आणखी काही जळत नाही. स्पीकर अर्थातच काढून ठेवलेले असावेत. उडालेल्या फ्यूजच्या जागी वायरीचा तुकडा किंवा चांदीचा कागद घालणाऱ्याने आजवर जितके ट्रान्सफॉर्मर जाळले असतील, तितके काळाने जाळलेले नाहीत. फ्यूज लिहिलेल्या आकड्याचाच हवा.

झाकणाखाली पहिली भेट धुळीशी होते. मऊ ब्रश आणि हवेचा फुगा पुरतो. मुंबई-कोकणच्या हवेत राहिलेल्या सेटमध्ये धुळीला ओल धरलेली असते, झुरळांची घाण असते. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. त्यानंतर बटणं आणि खटके. व्हॉल्यूम फिरवताना खरखर होणं, बॅलन्स एका ठरावीक जागीच नीट असणं, सिलेक्टर दाबून धरला तरच एक बाजू येणं, हे सगळे मळलेल्या संपर्कांचे प्रकार आहेत. इलेक्ट्रॉनिक्ससाठीच्या कॉन्टॅक्ट क्लीनरची नळी बटणामागच्या पॉटच्या फटीत घालून थोडासा फवारा मारावा आणि बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवावं. दाराच्या बिजागरीला मारायचा गंज सोडवणारा स्प्रे इथे वापरू नये. क्लीनर वाळेपर्यंत सेट चालू करू नये.

आता रिले. सेट चालू केल्यावर तीन ते आठ सेकंदांनी जो ‘टक’ असा आवाज येतो तो याचा. अ‍ॅम्प्लिफायर स्थिर झाल्यावर तो स्पीकर जोडतो, आणि आउटपुटवर डीसी व्होल्टेज आलं तर तोडतो. एक बाजू हलक्या आवाजात गायब होते, व्हॉल्यूम वाढवला की एकदम परत येते आणि मग कमी केल्यावरही थोडा वेळ टिकते, ही लक्षणं दिसली की मी इतरत्र शोधत नाही. रिलेच्या चांदीच्या टोकांवर सल्फाइडचा काळा पापुद्रा धरतो. लहान सिग्नल त्यातून जात नाही. मोठ्या सिग्नलच्या व्होल्टेजने पापुद्रा फुटतो आणि वाट उघडते. रिले म्हणजे इंचभर उंचीची, पारदर्शक किंवा धुरकट प्लास्टिकची डबी, वर बहुतेकदा २४ व्होल्ट लिहिलेलं. पीसीबीवरून सोडवून झाकण खाचेतून हलकेच उचकटायचं. आत पितळी पट्ट्या दिसतात, आणि त्यांच्या टोकांवर मोहरीएवढी चांदीची टिकली. ती पांढरी हवी, पण शिशासारखी करडी किंवा मध्ये काळा ठिपका पडलेली असते. जाड बाँड पेपरची अरुंद पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवून दोन टिकल्यांच्या मध्ये सरकवायची, पट्टी बोटाने हलकी दाबायची आणि कागद ओढायचा. कागदावर काळी रेघ उमटते. रेघ उमटायची थांबेपर्यंत पट्ट्या बदलत राहायचं. पॉलिश पेपर किंवा कानस लावू नये. टिकलीचं पाणी जातं आणि संपर्क काही महिन्यांत पुन्हा बिघडतो. टिकलीत खड्डाच पडला असेल तर त्याच व्होल्टेजच्या कॉइलचा, दोन पोलचा नवा रिले मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळून जातो.

आणि तो ‘टक’ आलाच नाही तर? दिवे लागले आहेत, रेडिओचा मीटर हलतो आहे, पण दोन्ही बाजू गप्प. इथे लोक ‘सगळाच सेट गेला’ म्हणून सोडून देतात. वास्तविक बऱ्याचदा एकाच चॅनेलमध्ये बिघाड असतो. रिले दोघांचा एकच, म्हणून तो आजारी बाजूला वाचवताना चांगल्या बाजूचंही तोंड बंद करतो. लॅम्प लावून, स्पीकर काढून, दोन्ही चॅनेलचं आउटपुट रिलेच्या आधी, अ‍ॅम्प्लिफायरच्या बोर्डवर डीसी व्होल्टवर मोजा. दोन्हीकडे काही मिलिव्होल्ट असतील तर अ‍ॅम्प्लिफायर शाबूत आहेत, बिघाड संरक्षक सर्किटात किंवा रिलेच्या कॉइलच्या सप्लायमध्ये. एकीकडे शून्याजवळ आणि दुसरीकडे वीस-तीस व्होल्ट आले, तर चोर सापडला.

पायोनियर एसएक्स-७८० हे याचं चांगलं उदाहरण. १९७८ च्या सुमाराचा, चॅनेलमागे ४५ वॅटचा हा सेट. याच्या आउटपुटला सुटे ट्रान्झिस्टर नाहीत. प्रत्येक चॅनेलला सॅन्योचं एसटीके-००५० हे एकेक मॉड्यूल आहे, ज्यात आउटपुटची जोडी एकत्र बंद केलेली असते. त्यातलं एक आतून शॉर्ट झालं की आउटपुट थेट सप्लायला चिकटतं आणि रिले उघडाच राहतो. सेट बंद करा, कंडेन्सर उतरवा आणि मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवा. डाव्या मॉड्यूलच्या पहिल्या दोन पायांवर रीडिंग घ्या, मग उजव्याच्या त्याच दोन पायांवर. मग प्रोब उलटे करून. मग पुढचे पाय. कागदावर दोन रकाने आखून आकडे समोरासमोर लिहा. पीसीबीवर बसलेल्या भागाचं रीडिंग आजूबाजूच्या भागांमुळे बदलतं, म्हणून नुसत्या आकड्याला अर्थ नसतो. पण दोन्हीकडे आजूबाजूचे भाग सारखेच, त्यामुळे आकडेही सारखेच यायला हवेत. एका ओळीत इकडे अर्ध्या व्होल्टच्या आसपास आणि तिकडे ०.००२ आलं की पुढे बोलायला नको.

या मॉड्यूलबाबत सावधगिरी हवी. खरं एसटीके-००५० आता बनत नाही. नवं म्हणून जे विकलं जातं त्यात नकली पुष्कळ असतात; बाहेरून छापलेलं अक्षर तेच, आतली चिप लहान, आणि जरा आवाज वाढवला की राम म्हणते. भंगारातल्या सेटमधून काढलेलं जुनं, तपासलेलं मॉड्यूल मी केव्हाही पसंत करीन.

सुट्या ट्रान्झिस्टरच्या सेटमध्येही तपासणी हीच. सिलिकॉन ट्रान्झिस्टर बेसपासून एमिटरकडे आणि कलेक्टरकडे ०.५ ते ०.७ दाखवतो, कलेक्टर आणि एमिटर यांच्यात मीटर शिट्टी वाजवत असेल तर तो गेला. आउटपुटचा ट्रान्झिस्टर सहसा एकटा जात नाही. त्याचा ड्रायव्हर आणि एमिटरचा अर्ध्या ओहमच्या आसपासचा रेझिस्टन्सही तपासावा, नाहीतर नवा ट्रान्झिस्टर चालू करताक्षणी जुन्याच्या मागे जातो. बसवताना खालचा मायकाचा पातळ तुकडा आणि दोन्ही बाजूंना हीटसिंक पेस्ट विसरू नये. ट्रान्झिस्टरच्या धातूच्या अंगावर पूर्ण सप्लाय असतो आणि हीटसिंक चेसिसला जोडलेला असतो. मायका फाटलेला नाही ना, हे सेट चालू करण्याआधी मीटरने पाहून घ्यायचं. पायांचा क्रमही पाहायचा. सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली धरले तर जपानी २एससी१८१५ चा क्रम एमिटर-कलेक्टर-बेस असतो आणि आपल्या दुकानांत सर्रास मिळणाऱ्या बीसी५४७ चा कलेक्टर-बेस-एमिटर. ‘चालतो हाही’ म्हणून दिलेला भाग तसाच भोकांत घातला की नवा बिघाड आपणच तयार करतो.

शॉर्ट सापडला नाही तर लॅम्पवर सेट चालू ठेवून व्होल्टेजची तुलना करायची. इथे एक अडचण आहे. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आउटपुटपासून इनपुटकडे फीडबॅक असतो, म्हणून कुठेही एक भाग बिघडला की त्या चॅनेलमधले जवळपास सगळे आकडे बिघडतात. गुन्हेगार कोणता आणि बळी कोणते, हे आकड्यांवरून लगेच कळत नाही. त्यासाठी एक खूण पुरते: चालू असलेल्या ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटरमध्ये ०.६ व्होल्टच्या आसपासच फरक असतो. तो दीड-दोन व्होल्ट दिसला तर त्या ट्रान्झिस्टरचा जोड आतून तुटला आहे. मोजताना प्रोबचं टोक घसरून शेजारच्या पायाला लागू नये म्हणून बारीक क्लिप लावाव्यात. घसरलेल्या प्रोबने चांगलं चॅनेल मेलं तर विचारायचं कुणाला?

आवाज येतो पण एका बाजूला अधूनमधून भाजल्यासारखी चटचट किंवा फुसफुस होते, हा वेगळा आजार आहे. त्या काळातले काही ट्रान्झिस्टर यासाठी कुप्रसिद्ध आहेत: २एससी४५८ आणि २एसए७२६ ही नावं दुरुस्ती करणाऱ्यांच्या तोंडी असतात. त्यांचे चांदीचा मुलामा दिलेले पाय काळे पडलेले दिसतात. हे भाग मात्र दोन्ही चॅनेलमध्ये एकदमच बदलावेत, कारण आज चांगली असलेली बाजूही त्याच वाटेवर असते.

आता त्या पुडीकडे येऊ. जुन्या सेटमधले सगळे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सरसकट बदलून टाकावेत, असं मानणारे बरेच आहेत. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. कंडेन्सरमधला ओला रसायनाचा थर सुकत जातो आणि दर १० अंश तापमान वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. म्हणून हीटसिंकला चिकटून बसलेले आणि सप्लायच्या रेग्युलेटरजवळचे कंडेन्सर मीही बदलतो. फुगलेले, गळणारे तर बदलायचेच. पण बंद पडलेल्या सेटवर चाळीस कंडेन्सर एका बैठकीत बदलणं मला चुकीचं वाटतं. बदलल्यावर सेट चालला नाही, तर जुना बिघाड तसाच आहे की एखादा कंडेन्सर उलटा बसला, ट्रॅक उचलला गेला, सोल्डरचा थेंब दोन पायांत अडकला, हे ओळखायचं साधन उरत नाही, कारण दोन्ही बाजू एकाच वेळी बदललेल्या असतात. आधी बिघाड काढावा. सेट वाजू लागला की मग एका चॅनेलचे कंडेन्सर बदलावेत, ऐकावं, मोजावं, आणि नंतरच दुसऱ्याला हात घालावा. सप्लायचे दोन मोठे कंडेन्सर हीसुद्धा जोडीच असते. एक अधिक, एक उणे. दोन्हींवरचं डीसी व्होल्टेज जवळजवळ सारखं हवं, आणि मीटर एसीवर ठेवून मोजलेली लहरही. एका बाजूची लहर दुप्पट-तिप्पट असेल तर तो कंडेन्सर थकला. या मोठ्या कंडेन्सरच्या बुडाशी तपकिरी चिकट डाग दिसला म्हणजे तो गळलाच असं नाही. जपानी कारखान्यांत भाग हलू नयेत म्हणून लावलेला तो गोंद असतो. मात्र वर्षांनुवर्षं तापून तो काळपट होतो, थोडी वीज वाहू देतो आणि शेजारच्या भागांचे पाय खातो. तो खरवडून काढावाच.

बायस आणि ऑफसेट लावायचे छोटे पॉट, म्हणजे प्रीसेट, फिरवण्याआधी त्यांच्या मूळ जागी बारीक पेनाने खूण करून ठेवावी. ऑफसेट म्हणजे सिग्नल नसताना आउटपुटवर उरलेलं डीसी. ५० मिलिव्होल्टच्या आत असलं तर चिंता नाही, १०० च्या वर गेलं तर कारण शोधावं. बायस म्हणजे आउटपुट ट्रान्झिस्टरमधून सतत वाहणारा थोडासा करंट. तो एमिटरच्या रेझिस्टन्सवर मोजतात: अर्ध्या ओहमवर १५ मिलिव्होल्ट आले तर ३० मिलिअँपिअर. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्येच पाहावा. बहुतेक सेटची मॅन्युअल इंटरनेटवर मिळतात. पन्नास वर्षांचा प्रीसेट फिरवताना मध्येच संपर्क सोडू शकतो आणि काही सर्किटांत त्या क्षणी करंट एकदम चढतो. म्हणून मी ते प्रीसेट सरळ बदलतो आणि सर्वांत कमी करंटच्या टोकावर ठेवून सुरुवात करतो.

ट्यूनरला शक्यतो हात लावू नये. त्यातल्या छोट्या धातूच्या डब्यांतले कोर फिरवले की उपकरणांशिवाय ते जागेवर आणता येत नाहीत. स्टेशनं क्षीण लागत असतील तर आधी मागे टी आकाराची, दोन टोकांत सुमारे दीड मीटर लांबीची साधी एफएम अँटेना लावून पाहावी. जपानच्या घरगुती बाजारातला सेट असेल तर त्याचा एफएम पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्झचा असतो. मुंबईच्या आकाशवाणीचं १००.७ किंवा १०७.१ त्यावर लागणारच नाही, आणि तो दोष नव्हे. अमेरिकन सेटवर आपली एफएम स्टेशनं किंचित बोथट वाटतात, कारण तिथे प्रसारणातला तारस्वर ७५ मायक्रोसेकंदांच्या प्रमाणाने उतरवतात आणि आपल्याकडे, युरोपप्रमाणे, ५० च्या. तेवढी ट्रेबल वाढवली की झालं. डायलचे दिवे गेले असतील तर त्याच व्होल्टेजचे बसवावेत. एलईडी थंड राहतात, पण निळ्या-हिरव्या डायलचा मूळ रंग त्यांनी बदलतो, म्हणून आधी एकच लावून पाहावा.

सगळं बसवल्यावर सेट पहिल्यांदा चालू करायचा तो पुन्हा सिरीज लॅम्पवरच. बल्ब मंद झाला, रिले वाजला, दोन्ही आउटपुटचा ऑफसेट ठीक आला की सेट बंद करून लॅम्प काढायचा आणि थेट विजेवर बायस लावायचा. मग चांगले स्पीकर न जोडता, पडून असलेले एखादे जुने जोडावेत आणि मध्यम आवाजात तासभर काहीतरी वाजू द्यावं. त्या तासात दर पंधरा मिनिटांनी दोन्ही चॅनेलचा ऑफसेट आणि बायस लिहून घ्यायचा. गरम होताना आकडे थोडे सरकतात, आणि दोन्ही बाजूंचे साधारण एकाच दिशेने सरकले तर ते स्वाभाविक आहे. एकाच बाजूचा बायस चढत राहिला, किंवा हीटसिंकचा एक अर्धा कोमट आणि दुसरा हात ठेववेना इतका तापला, तर सेट बंद करून त्या बाजूचा मायका, पेस्ट आणि बायसचा तापमान जोखणारा डायोड किंवा ट्रान्झिस्टर हीटसिंकला नीट टेकला आहे का ते पाहायचं. आकडे जुळेपर्यंत झाकण लावू नये.